आतून की बाहेरून? : बास्केटबॉलमधल्या एका जुन्या वादाचा इतिहास

मागच्या पावसाळ्यात माझा संघ सलग सात सामने हरला आणि खालच्या गटात गेला. संघ म्हणजे बास्केटबॉलचा आणि खेळाडू म्हणजे संगणकावरचे. त्यांतला एकही हाडामांसाचा नाही. ‘बझरबीटर’ नावाचा एक ऑनलाइन खेळ २००७ पासून चालू आहे. त्यात आपण संघाचे व्यवस्थापक असतो. खेळाडू विकत घ्यायचे, त्यांना आठवड्याला एकेक कौशल्य शिकवायचे, पगार भागवायचे आणि सामन्याच्या आधी डावपेच ठरवून गप्प बसायचे. सामना सुरू झाला की आपल्या हातात काही उरत नाही. डोंबिवलीहून रोज गाडीने जाणाऱ्या माणसाला ही अवस्था नवी नाही.

या खेळात माझा भाचाही आहे. तो ठाण्याला राहतो. माझा सातवा पराभव झाला त्या रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, “मामा, तू सगळे आतून खेळतोस. समोरच्याला ते पाठ झालंय. जरा बाहेरून मार की!” मी चिडून म्हटले, की माझे आतले खेळाडू चांगले आहेत, बाहेरचे सुमार आहेत, मग चांगले सोडून सुमार कशाला वापरू? यावर त्याच्याकडे नेमके उत्तर नव्हते आणि माझा प्रश्न बरोबर आहे याची मलाही खात्री नव्हती. हा लेख त्या रात्रीपासून सुरू झाला.

ज्यांनी बास्केटबॉल फक्त शाळेच्या मैदानावर लांबून पाहिला आहे, त्यांच्यासाठी आधी हे ‘आत’ आणि ‘बाहेर’ सांगायला हवे. रिंगखालचा आयत म्हणजे आत. तिथून टाकलेला चेंडू पडण्याची शक्यता जास्त, पण तिथे गर्दी असते, उंच माणसे असतात आणि धक्काबुक्की चालते. लांबच्या कमानीपलीकडे मोकळीक असते, पण नेम चुकण्याचा धोका मोठा. आक्रमण करणाऱ्याने कुठून जावे आणि बचाव करणाऱ्याने कुठे उभे राहावे, हा या खेळाचा गाभा आहे. ऑनलाइन खेळात तो एका यादीत बसवला आहे. ‘लुक इनसाइड’ आणि ‘लो पोस्ट’ हे आतले डावपेच. ‘मोशन’, ‘रन अँड गन’ आणि ‘प्रिन्स्टन’ हे बाहेरचे. ‘पेशंट’ आणि ‘पुश द बॉल’ हे मधले. बचावात ‘मॅन टू मॅन’, ‘२-३ झोन’, ‘३-२ झोन’, ‘१-३-१ झोन’ वगैरे. कित्येक महिने मी ही नावे औषधाच्या बाटलीवरच्या नावांसारखी वाचत होतो. ती खरी कुठून आली हे शोधायला लागलो, तेव्हा कळले की त्या यादीत शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास घडी घालून ठेवला आहे.

सुरुवात डिसेंबर १८९१ मध्ये झाली. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. हिवाळ्यात मैदानावर जाता येत नाही म्हणून वैतागलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी बंद दालनात खेळता येईल असा खेळ रचला. सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. टोपली डोक्याच्या वर लावण्यामागे विचार होता. ती जमिनीलगत असती तर बचाव करणारे तिच्याभोवती कोंडाळे करून उभे राहिले असते आणि चेंडू जोरात फेकून मारावा लागला असता. वर लावल्यामुळे चेंडू अलगद, कमानीत टाकणे भाग पडले. म्हणजे जन्मापासूनच या खेळात आतली गर्दी फोडण्याची काळजी आहे. त्या पहिल्या सामन्यात एकच बास्केट झाले, विल्यम चेस या विद्यार्थ्याने केलेले, आणि तेही सुमारे पंचवीस फुटांवरून असे सांगतात. बास्केटबॉलच्या इतिहासातला पहिला गुण बाहेरून आला!

त्या सामन्यातल्या दोन कर्णधारांपैकी टी. डंकन पॅटन याने १८९४ मध्ये हा खेळ भारतात आणला असे सांगितले जाते. पुढे १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, तिथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो गावोगावच्या शाळांत नेला, आणि १९३४ मध्ये दिल्लीत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आपल्या भागापुरते बोलायचे तर सगळ्यांत महत्त्वाचे ठिकाण मुंबईतले नागपाडा. १८१३ पासून मुंबईत असलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात तिथे ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू केले. याच कामातून पुढे १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी ती संस्था उभी राहिली, जिला आज आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो. दाट वस्तीतल्या पोरांना कमी जागेत खेळता येईल असा हा खेळ तिथे रुजला आणि एका मोहल्ल्यातून पिढ्यानपिढ्या खेळाडू निघाले. त्यांतले सर्वांत गाजलेले अब्बास मुंतसीर. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नेस्मिथ यांचा खेळ छताखालचा होता, आपल्याकडे तो उघड्यावर आला. उघड्या मैदानावर वारा असतो, धूळ असते, उन्हाने डोळे दिपतात, रिंग सैल झालेली असते आणि जाळी बहुधा नसतेच. अशा ठिकाणी लांबून टाकलेला चेंडू म्हणजे बेभरवशाचा कारभार. शहाणा खेळाडू आत शिरूनच गुण काढतो. याचा मोठ्या पातळीवरचा दाखला १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचा आहे. बास्केटबॉलचे ऑलिंपिकमधले हे पहिलेच वर्ष, नेस्मिथ स्वतः हजर, आणि सामने ठेवले उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस पडला. चिखलात चेंडू टप्पा घेईना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. दोन्ही संघांचे मिळून सत्तावीस गुण! आमच्या लहानपणी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या मैदानावर जूनमध्ये असेच सामने व्हायचे, फक्त ते कुणी लिहून ठेवले नाहीत.

आता ‘लो पोस्ट’कडे येऊ. या नावामागे मुख्यतः एक माणूस आहे, जॉर्ज मायकन. उंची सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाड चष्मा. मिनियापोलिस लेकर्सचा हा खेळाडू रिंगखाली पाठ करून उभा राहायचा आणि चेंडू हातात आला की वळून टाकायचा. त्याला अडवणे इतके अवघड झाले की २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला आणि तो सामना १९-१८ असा जिंकला. एनबीएच्या इतिहासातली ही सर्वांत कमी धावसंख्या. (धावसंख्या हा शब्द इथे चुकीचा आहे, पण क्रिकेटने आपल्या भाषेवर केलेले हे अतिक्रमण आता हटणार नाही.) प्रेक्षक अर्थातच कंटाळले.

यावर नियम करणाऱ्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. आयतात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही, हा नियम १९३६ पासून होताच. १९५१ मध्ये एनबीएने आयताची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट केली. मायकनला रिंगपासून दूर ढकलायला. १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम आला. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. बऱ्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू टाकतात. भागाकार केला, चोवीस आले. इतका साधा हिशेब. मग विल्ट चेंबरलेन आला. त्याने २ मार्च १९६२ रोजी एकट्याने शंभर गुण केले. १९६४ मध्ये आयत सोळा फूट झाला. आंतरराष्ट्रीय महासंघाने तर १९५६ पासून रिंगखाली समलंब चौकोनच आखला, खाली रुंद, वर अरुंद. तो २०१० पर्यंत होता. त्या शाळेच्या मैदानावर समलंब चौकोनाची पुसट रेघ अजून दिसते. नवा आयत तिच्यावरूनच रंगवला आहे. आजची मुले विचारतात, ही जास्तीची रेघ कशाला?

आत जाणाऱ्याची वाट अवघड करूनही भागेना, तेव्हा बाहेरून टाकणाऱ्याला बक्षीस द्यायची कल्पना निघाली. कमानीपलीकडून टाकलेल्या चेंडूला तीन गुण. १९६१ मध्ये एब सेपरस्टाइन यांच्या अल्पायुषी लीगने ती वापरली. १९६७ मध्ये एबीए नावाची नवी लीग निघाली, तिने ती उचलली. त्या लीगचा पहिला आयुक्त कोण, तर जॉर्ज मायकन! ज्याच्यामुळे आतला आयत रुंदावावा लागला, त्यानेच बाहेरच्या कमानीचा पुरस्कार केला. एनबीएने तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये स्वीकारली आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८४ मध्ये, ६.२५ मीटरवर. २०१० मध्ये ती ६.७५ मीटरवर गेली.

आपल्या मातीतला दाखला द्यायचा तर कबड्डीची बोनस रेषा. ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही, पण रचना तीच आहे. समोर सहा किंवा सात जण उभे असताना चढाई करणारा निदान रेषा शिवून परत पळतो, कुणी पकडत नाही, कुणी बाद होत नाही. मग त्याने खोल यावे म्हणून आत एक रेषा आखली आणि तिला गुण लावला. तिथे आमिष आत आहे, बास्केटबॉलमध्ये बाहेर. जिथे माणसे जायला तयार नाहीत तिथे गुण ठेवायचा, ही युक्ती दोन्हीकडे आहे.

गंमत अशी, की आमिष ठेवले तरी ते घ्यायला लोकांना चाळीस वर्षे लागली. १९७९-८० च्या हंगामात एनबीएचा संघ एका सामन्यात सरासरी २.८ वेळा तीन गुणांसाठी चेंडू टाकत होता. आता तो आकडा पस्तीसच्या वर गेला आहे. २०१५-१६ मध्ये स्टीफन करी या एका खेळाडूने हंगामात ४०२ ‘थ्री’ केले. वास्तविक हिशेब पहिल्या दिवसापासून उघड होता. दोन गुणांचे निम्मे नेम लागणे आणि तीन गुणांचे एक तृतीयांश लागणे यांची किंमत सारखीच. पण प्रशिक्षकांना चुकलेला नेम दिसतो, सरासरी दिसत नाही. यात अमेरिकेला हसण्यासारखे काही नाही. आपल्या क्रिकेटमध्येही चेंडू हवेत मारणे हा अनेक वर्षे संस्काराचा प्रश्न होता.

यादीतली बाकीची नावेही अशीच बोलायला लागतात. ‘रन अँड गन’ म्हटले की पॉल वेस्टहेड यांचा लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा संघ आठवावा. १९८९-९० मध्ये त्यांनी सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण केले. ‘प्रिन्स्टन’ हे पीट कॅरिल यांचे. ते १९६७ ते १९९६ प्रिन्स्टन विद्यापीठात होते. त्यांच्याकडे उंच, दणकट खेळाडू फारसे येत नसत. म्हणून त्यांनी चेंडू फिरवत ठेवायचा, बचावाला बाहेर खेचायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाठीमागून आत शिरायचे, असा खेळ बसवला. मार्च १९९६ मध्ये याच खेळाने त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला ४३-४१ असे हरवले. बाहेरचा म्हणून ओळखला जाणारा हा डावपेच प्रत्यक्षात आत जाण्यासाठी होता, हे मला फार आवडले. बाहेरचा धाक असेल तरच आतली वाट मोकळी होते.

झोनची कथा उलटी आहे. माणसामागे माणूस न लावता जागा राखणे हा गरिबाचा बचाव. थकलेल्या, बुटक्या संघाला तो सोयीचा. एनबीएच्या पूर्वज लीगने १९४७ मध्ये त्यावर बंदी घातली, कारण त्यामुळे आत जाणेच बंद होत होते. ही बंदी २००१ मध्ये उठली, तीही बचाव करणाऱ्याने आयतात तीन सेकंदांपेक्षा जास्त फुकट थांबायचे नाही या अटीवर. ‘२-३’ म्हणजे दोन पुढे, तीन रिंगखाली, आतून येणाऱ्याला अडवायला. ‘३-२’ बाहेरच्याला. पाच माणसांत सगळीकडे झाकता येत नाही. आत पांघरूण ओढले की बाहेर पाय उघडे.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. आतले खेळाडू चांगले असताना बाहेरून का टाकायचे?

याचे उत्तर मला बास्केटबॉलच्या पुस्तकात नाही, वाहतुकीच्या शास्त्रात सापडले. आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दोन रस्त्यांचे उदाहरण मांडले होते. ते आपल्याकडच्या आकड्यांत सांगतो. समजा दोन रस्ते आहेत. मोठ्या रस्त्याने कितीही गाड्या गेल्या तरी दहा मिनिटे लागतात. गल्लीतून जितक्या गाड्या, तितकी मिनिटे. गाड्या दहा. प्रत्येक जण स्वतःपुरते पाहतो, गल्लीच्या तोंडाशी येतो, म्हणतो जास्तीत जास्त दहाच मिनिटे लागतील, आणि गल्लीत घुसतो. दहाही गाड्या गल्लीत, प्रत्येकाला दहा मिनिटे. पाच-पाच वाटल्या असत्या तर पाच जणांना पाच मिनिटे, पाच जणांना दहा, सरासरी साडेसात. कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला हे गणित न शिकवता येते. रेल्वेनेही आपल्याला हेच शिकवले आहे. वर्षानुवर्षे जलद गाड्या पारसिकच्या डोंगराच्या पोटातून, १९१६च्या बोगद्यातून जायच्या आणि धीम्या मुंब्र्यावरून, डोंगराला बाहेरून वळसा घालून. डोंबिवलीच्या फलाटावर सगळ्यांना जलदच हवी असते आणि म्हणून त्या जलदमध्ये चढता येत नाही.

ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाने २०१० मध्ये नेमके हेच गणित बास्केटबॉलला लावले. संघातला सर्वोत्तम खेळाडू, किंवा सर्वोत्तम डावपेच, म्हणजे ती गल्ली. जितका जास्त वापरावा तितका तो तुंबतो, कारण बचाव करणारे तिथे जमतात. माझ्या संघापुरता हिशेब मी मांडला. आकडे कल्पित आहेत, पण चाल खरी आहे. समजा सामन्यात मी ८० वेळा चेंडू टाकतो. बाहेरून प्रत्येक प्रयत्नामागे ०.९५ गुण, कायम. आतून सुरुवातीला १.३५, पण दर वाढत्या प्रयत्नामागे सरासरी ०.००५ ने घटणारी. ऐंशीच्या ऐंशी आतून टाकले तर आतली सरासरीही ०.९५ वर येते आणि गुण होतात ७६. साठ आतून, वीस बाहेरून टाकले तर ८२. चाळीस-चाळीस केले तर आतून ४६, बाहेरून ३८, एकूण ८४. या शेवटच्या वाटणीत आतली सरासरी १.१५ दिसते, बाहेरची ०.९५. कुणीही पाहणारा म्हणेल, अरे, आतून इतके मिळते आहे तर आणखी आत जा! तो सल्ला चुकीचा आहे. वाढवलेला पुढचा प्रयत्न काय देतो ते पाहायचे असते, आधीच्यांची सरासरी नव्हे. मी तोच सल्ला स्वतःला देत होतो आणि आठ गुण मैदानात सांडत होतो. सातांपैकी चार सामने मी आठपेक्षा कमी फरकाने हरलो आहे.

म्हणजे भाचा बरोबर होता का? पूर्ण नाही. त्याच्या डोक्यात ‘समतोल’ म्हणजे निम्मे-निम्मे असते. वरच्या उदाहरणात निम्मे आले ते मी निवडलेल्या आकड्यांमुळे. बाहेरून ०.९५ ऐवजी ०.७५ च मिळत असते, तर हाच हिशेब साठ आत आणि वीस बाहेर असे सांगतो. समतोल प्रत्येक संघाचा वेगळा असतो आणि तो समोरच्याच्या बचावाबरोबर हलतो. ऑनलाइन खेळात तर समोरचा आतून येणार की बाहेरून, याचा अंदाज आधीच लावून ठेवायची सोय आहे. अंदाज बरोबर आला तर त्याचा बचाव सुधारतो, चुकला तर बिघडतो. तिथे नेहमी आतून खेळणे म्हणजे पत्ते उघडे ठेवून बसणे. पण नेहमी निम्मे-निम्मे खेळणे हीसुद्धा एक सवयच, आणि तीही वाचता येते.

हे सगळे संगणकापुरते असते तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. डोंबिवलीत, कल्याणात पूर्ण मैदान मिळणे दुर्मीळ झाले आहे. सोसायटीच्या आवारात, गाड्या लावून उरलेल्या जागेत, एकच रिंग आणि अर्धे मैदान असते. मुले तीन-तीन जणांत खेळतात. हाच प्रकार ‘थ्री बाय थ्री’ या नावाने टोकियो ऑलिंपिकमध्ये आला. एक रिंग, दहा मिनिटे, बारा सेकंदांत चेंडू टाकायचा, एकवीस गुण झाले की सामना संपला. आणि गुण कसे? कमानीच्या आत एक, बाहेर दोन. म्हणजे बाहेरचा नेम आतल्याच्या दीडपट नव्हे, दुप्पट मोलाचा. आतून दहांत सहा टाकणाऱ्याची बाहेरून दहांत तीन टाकणाऱ्याशी बरोबरी होते. तरी आमच्या सोसायटीत शिकवणारे काका मुलांना अजून ओरडतात, “लांबून मारू नकोस, आत जा, आत!” ते स्वतः सैल रिंगच्या, धुळीच्या काळात शिकले. त्यांच्या मैदानावर ते बरोबरच होते. आजच्या मुलांच्या मैदानावर फरशी सपाट आहे, रिंग घट्ट आहे आणि नियम बदलला आहे. त्यातली एक मुलगी, वय वर्षे बारा, काका पाठमोरे झाले की कमानीबाहेरून टाकते. मी मोजले : दहांत चार.

काकांना मी अजून काही बोललेलो नाही. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि मी स्वतः खालच्या गटात आहे.

भाचाही या हंगामात घसरून माझ्याच गटात आला आहे. येत्या शनिवारी आमचा सामना आहे. मी आतूनच येणार अशी त्याची पक्की खात्री आहे आणि तो ‘२-३ झोन’ लावणार हे मला माहीत आहे. मी ‘मोशन’ लावून ठेवले आहे. अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत निकाल लागलेला असेल, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.